नाऱ्याची बाजू

‘शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली’ ही म्हण आमच्या घरात जणू माझ्यासाठीच राखून ठेवलेली होती. मी सात-आठ वर्षांचा असेन. आत्याचे लग्न होते. वाड्यापुढे मांडव घातला होता, केळीचे खुंट बांधले होते, वर भाड्याने आणलेल्या कापडाचे छत होते. एका खांबाला गॅसबत्ती टांगली होती आणि तिच्या वर वीतभर अंतरावर ते कापड वाऱ्याने हलत होते. मी आजीला विचारले, “आजी, हे पेटलं तर समद्यांनी कुनीकडनं पळायचं?” मांडवाला वाट एकच होती आणि त्या वाटेत जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. आजीने पाठीत एक धपाटा घातला आणि ती म्हण ऐकवली. मांडव पेटला नाही. त्यामुळे धपाटा योग्य ठरला.

आता चाळिशी उलटल्यावर मला वाटते, की म्हणीतल्या त्या नाऱ्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी. म्हण नीट ऐकून पाहा. नाऱ्या ‘आग लागेल’ असे म्हणत नाही, ‘लागली’ असे म्हणतो. कदाचित ती खरोखरच लागली असेल. कुणी वळून मांडवाकडे पाहिले का, याविषयी म्हण काही सांगत नाही. तिला नाऱ्याच्या तोंडाची चिंता आहे, मांडवाची नाही.

मी वडूजच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या एवढेच. तीन-चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत दोन माणसे बुडवून मारली, कारण नको झालेले पात्र काढून टाकायला विहीर फार सोयीची असते. आमचा खटाव तालुका दुष्काळी. येरळा नदी वर्षातले बरेच महिने वाळूचीच असते. अशा गावात बसून मी आगबोटींविषयी लिहावे हे हास्यास्पद वाटेल. पण याच दुष्काळाने आमच्या भागातली कितीतरी घरे मुंबईच्या गिरण्यांकडे नि गोदीकडे ढकलली. आणि मुलांना ‘मनाला येईल ते काढा’ म्हटले, की समुद्र न पाहिलेली ही पोरे हमखास आगबोट काढतात. बाजूने दिसणारी, धुरांड्याची, झेंड्याची. आत काय असते ते कुणी काढीत नाही. मीही पूर्वी काढीत नसे.

डिसेंबर २०१९ मध्ये शाळेची सहल मुंबईला गेली. गेटवे ऑफ इंडियापासून घारापुरीला जायचे होते. लाँचमध्ये बसल्यावर मी वर पाहिले. छताच्या आतल्या बाजूला लाकडी फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यांच्यामागे नारिंगी जाकिटे कोंबून ठेवली होती. चित्रकलेच्या मास्तराला मोजण्याची खोड असते. मी मोजली. माझी मुले सेहेचाळीस, इतर उतारू साधारण तेवढेच. मला दिसली ती जाकिटे एकतीस. त्यांतली काही सुतळीने आवळून बांधलेली. मी खलाशाला विचारले, “बाकीची कुठं असतात?” तो म्हणाला, “मास्तर, पाण्यावर असलं बोलू नये. शुभ बोला.” आणि हसला. माणूस वाईट नव्हता. पुढे एका मुलीला मळमळू लागले तेव्हा त्याने आपल्या बाटलीतले पाणी तिला दिले.

मी गप्प बसलो. पैसे भरलेले होते, मुले खुशीत होती, एवढ्या लांब आणून त्यांना किनाऱ्यावरून परत नेणे मला जमले नसते. आणि खरे सांगायचे तर बाकीच्या शिक्षकांसमोर भित्रा ठरण्याची लाज वाटली. काही झाले नाही. मुलांनी त्रिमूर्ती पाहिली, माकडांना शेंगा चारल्या, सगळी सुखरूप वडूजला आली. म्हणजे पुन्हा एकदा धपाटा योग्य ठरला.

त्यानंतर पाच वर्षांनी, १८ डिसेंबर २०२४ रोजी, त्याच वाटेवर ‘नीलकमल’ नावाच्या लाँचला नौदलाची एक वेगवान बोट येऊन धडकली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि ती चालवणाऱ्याच्या हाताबाहेर गेली. लाँचवर शंभरावर माणसे होती. त्या अपघातात पंधरा माणसे गेली. वाचलेल्यांनी सांगितले, की धडक बसेपर्यंत कुणाच्या अंगावर जाकीट नव्हते. ती बातमी ऐकली त्या रात्री मला झोप लागली नाही. सेहेचाळीस घरांनी आपली मुले माझ्या हाती दिली होती. मी जाकिटे मोजली, आकडा मला कळला, आणि तरी मी बोटीतच राहिलो. ज्याने मोजलेच नाही त्याच्यापेक्षा माझा दोष अधिक आहे, असे मी मानतो.

जाकिटे नव्हती म्हणून ती धडक बसली असे नाही, हे मला कळते. पण धडक का बसली हा एक प्रश्न, आणि बसल्यानंतर काय हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला चौकशी असते, दोषी असतो, शिक्षा असते. लोकांचे सारे लक्ष तिकडे लागते. दुसरा प्रश्न पोरका आहे. तो आधीच विचारावा लागतो, आणि आधी विचारणाऱ्याला आपण नाऱ्या म्हणतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा दुसरा प्रश्न सर्वांत भयंकर रीतीने विचारला गेला तो १७ जुलै १९४७ रोजी. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. ‘रामदास’ ही आगबोट सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. बोट तशी जुनी नव्हती. १९३६ साली इंग्लंडात बांधलेली. दिव्यांच्या अवसेसाठी घरी निघालेली कुलाबा जिल्ह्यातली माणसे तिच्यात दाटीने भरली होती, सातशेच्या आसपास. कोकणच्या आगबोटींना संतांची नावे देण्याची तेव्हा रीत होती. ‘तुकाराम’ १९२७ साली बुडाली होती, तरी रीत मोडली नव्हती. सज्जनगड आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे ‘रामदास’ हे नाव बोटीवर वाचून माणसाला किती निर्धास्त वाटले असेल ते मी समजू शकतो. पण ज्या समर्थांनी आयुष्यभर लोकांना सावधपणाचा उपदेश केला, त्यांचे नाव देऊन आपण सावधपणातून सुटका करून घ्यावी, हा आपला जुनाच मार्ग आहे.

काशाच्या खडकाजवळ पावसाने आणि वाऱ्याने बोटीला गाठले. एका लाटेने ती एका अंगाला कलली. माणसे घाबरून दुसऱ्या अंगाला धावली. पुढच्या लाटेत बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळे दुपार टळेपर्यंत मुंबईला पत्ताही नव्हता. पोहत, तरंगत किनाऱ्याला लागलेल्यांनी ती बातमी आणली. रेवसच्या कोळ्यांची होडकी मासळी घेऊन मुंबईकडे चालली होती. त्यांनी आपली मासळी समुद्रात ओतली आणि त्या जागी माणसे घेतली, असे सांगतात. वाचले त्यांत बरेच त्यांच्यामुळे वाचले. देव धावून आला असे म्हणायचे असेल तर तो असा आला. पण कोळी त्या वेळी त्या जागी होते हा योगायोग होता; कुणी तशी आखणी केली नव्हती.

आता ‘माणसे एका बाजूला धावली’ हे वाक्य घ्या. रामदासविषयी बोलताना ते नेहमी थोड्या दोषाच्या सुरात म्हटले जाते: लोकांनी घाई केली, धीर धरला असता तर... आमच्याकडच्या बायका डोक्यावरून घागर आणतात. घागर अर्धी असली तरी चालणे जमते, कारण तोंड अरुंद आणि पोटातले पाणी फारसे सरकत नाही. तेच पाणी परातीत घेऊन चालून पाहा. परात किंचित कलली, की सगळे पाणी त्याच बाजूला धावते. ते धावल्याने परात आणखी कलते. बोटीचे शास्त्र जाणणारे लोक पाण्याच्या या स्वभावाला फार भितात. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जमच्या झेब्रुग बंदराबाहेर ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही मोटारी वाहणारी बोट अशीच गेली. तिच्या नाळेचे दार उघडेच राहिले होते. मोटारींचा मजला या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, मध्ये एक भिंत नाही. त्यावर पाणी शिरले, परातीतल्यासारखे एका अंगाला धावले, आणि पाहता पाहता बोट आडवी झाली. १९३ माणसे गेली.

माझे म्हणणे असे, की गर्दी हेही परातीतले पाणीच आहे. घाबरलेली माणसे वाट दिसेल तिकडे धावणार. हा त्यांचा अपराध नव्हे, हा त्यांचा धर्म आहे. पाण्याचा वाहणे असतो तसा. आमच्याच जिल्ह्यात २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या डोंगरावर चेंगराचेंगरीत शेकडो माणसे मेली, तेव्हाही पुष्कळांनी गर्दीलाच दोष दिला. पाणी वाहिले म्हणून पाण्यावर खटला भरणारा माणूस आपल्याला वेडा वाटेल. ज्याने परात बनवली आणि ती काठोकाठ भरली, त्याने हे धावणे आधीच हिशेबात धरायला हवे होते.

हिशेबात धरण्याची विद्या माणसाने हळूहळू आणि फार महाग किंमत देऊन मिळवली. ‘टायटॅनिक’ची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्या पोटातल्या भिंती किती जणांना ठाऊक असतील? तिच्या बुडाशी आडव्या भिंती घालून सोळा कप्पे केले होते. पुढचे चार भरले तरी ती तरंगली असती. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री हिमनगाने त्याहून अधिक फोडले. भिंती वरपर्यंत नेलेल्या नव्हत्या. नाळ खाली गेली तसे एका कप्प्यातले पाणी भिंतीच्या माथ्यावरून पुढच्यात, त्यातून त्यापुढच्यात पडत गेले. आमच्या माणदेशातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. उतारावर ताली घातलेल्या असतात. वरची ताल फुटली, की तिचे पाणी खालच्या तालीवर, ती फुटली की तिच्या खालच्या. म्हणून शहाणा माणूस तालीला सांड ठेवतो आणि बांध गरजेपेक्षा हातभर उंच घालतो. त्या हातभराचा खर्च दर वर्षी वाया गेल्यासारखा दिसतो.

टायटॅनिकनंतर दोन वर्षांनी, १९१४ साली, समुद्रावरच्या जिवांच्या रक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तेव्हापासून मुख्य विचार असा होता, की बोट धोक्यात आली तर माणसांना जीवनौकांत उतरवून बोट सोडायची. हा विचार वरवर बिनतोड दिसतो. पण हजारो माणसे, म्हातारी, तान्ही, दुखणाईत, रात्री, थंडीत, उसळत्या समुद्रात लहान होडक्यांत उतरवायची हीच केवढी आपत्ती! म्हणून पुढे नवा विचार निघाला: बोट हीच सर्वांत चांगली जीवनौका आहे, तेव्हा ती सोडावीच लागू नये अशी बांधा. २००६ साली तसा नियम मंजूर झाला, आणि १ जुलै २०१० पासून पुढे बांधायच्या मोठ्या उतारू बोटींना तो लागू झाला. ठरावीक मर्यादेपर्यंत आग लागली किंवा पाण्याच्या पातळीखालचा एक पाणबंद कप्पा भरून गेला, तरी बोटीने आपल्याच इंजिनाच्या बळावर, माणसांसकट, बंदराला परत आले पाहिजे. आणि आग त्या मर्यादेबाहेर गेलीच, तरी शिस्तीने उतरता यावे म्हणून बोटीच्या आवश्यक यंत्रणा तीन तास चालू राहिल्या पाहिजेत.

मी हा नियम प्रथम वाचला तेव्हा हातातला चहा निवला. कारण हा कायदा नाऱ्याच्या भाषेत लिहिलेला आहे. आखणी करणाऱ्याला तो म्हणतो, की आग लागली आहे असे धर. या खोलीत लागली. आता सांग, सुकाणू फिरते का? मग पुढच्या खोलीत लागली असे धर. आता दिवे लागतात का? पाणी येते का? असे करीत त्याने बोटीची खोली न् खोली कागदावर जाळायची, कप्पा न् कप्पा कागदावर बुडवायचा. बोटीचा पहिला पत्रा कापण्याआधी ती शेकडो वेळा पेटलेली आणि भरलेली असते. एवढे अभद्र बोलल्यावर मग नारळ फोडायचा.

यातले तंत्र समजायला इंजिनियर असावे लागत नाही. सुगीनंतर आमच्याकडे कडब्याच्या गंजी रचतात. सगळा कडबा एकाच गंजीत रचला तर जागा कमी लागते, शाकारणीही एकच. तरीही जाणता शेतकरी दोन-तीन गंजी करतो आणि मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट सोडतो. एक पेटली तर दुसरी राहावी. बोटीवर जागा सोन्याच्या मोलाची, तिथे ही ‘गाडीवाट’ आग न सोसणाऱ्या पत्र्याऐवजी आग अडवणाऱ्या भिंतींची असते. आणि इंजिने दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवतात, वीज दोन वाटांनी नेतात, पंप एकमेकांपासून लांब बसवतात. एकाच खोलीतले दोन पंप म्हणजे खरोखर एकच पंप. हे शहाणपण फार उशिरा आले. मुंबई-बसरा मार्गावरची ‘दारा’ ही बोट ८ एप्रिल १९६१ रोजी इराणच्या आखातात एका स्फोटाने पेटली, तेव्हा सुकाणू, वीज आणि आग विझवायचे पाणी ही सगळी एकदमच गेली. २३८ माणसे मेली. त्यांत पोटासाठी आखातात जाणारे-येणारे आपल्याकडचे लोक होते. मदतीला साधने नव्हती असे नाही. एकाच फटक्यात जातील अशी ती मांडलेली होती.

नियमातला आणखी एक भाग मला विशेष हलवून गेला. आग लागलेला भाग सोडून माणसांना ज्या सुरक्षित जागेत आणायचे, तिथे काय असले पाहिजे याची यादी आहे: शौचकूप, पिण्याचे पाणी, अन्न, औषधोपचाराची जागा, उजेड, हवा, ऊन-पावसापासून निवारा. मोठमोठ्या नीतिशास्त्रांत शौचकुपाचा उल्लेख मी वाचलेला नाही. पण २०१३ च्या फेब्रुवारीत मेक्सिकोच्या आखातात ‘कार्निव्हल ट्रायम्फ’ ही चैनीची बोट इंजिनखोलीतल्या आगीने बंद पडली. आग विझली, माणूस एकही दगावला नाही. पण वीज गेली, संडास तुंबले, आणि चार हजारांवर माणसांनी ती बोट ओढून किनाऱ्याला आणेपर्यंतचे दिवस त्या घाणीत काढले. ही बोट नव्या नियमाच्या आधीची, १९९९ सालची. माणसाला जिवंत ठेवणे म्हणजे त्याला माणूस म्हणून ठेवणे, हे ज्या कुणी त्या यादीत घातले त्याला पुष्कळ कळत होते.

आता कुणी म्हणेल, मास्तर, मग अडचण काय? शास्त्राने प्रश्न सोडवला. पण मला इथेच खरी अडचण दिसते.

एक तर ‘ठरावीक मर्यादा’. एक कप्पा भरला तर परत ये, दोन भरले तर तो हट्ट नाही. कुठेतरी रेघ ओढावीच लागते. सगळ्या आपत्तींना पुरून उरणारी बोट बंदरातून हलणारच नाही, एवढी जड होईल. पण रेघ ओढणाऱ्याच्या मनात काय येत असेल? रेघेच्या पलीकडची माणसे त्याला दिसत असतील का? १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकाला घासली आणि लगतचे अनेक कप्पे एकदम उघडले. बत्तीस माणसे गेली. तीही नियमाआधीची बोट. पण नियमानुसार बांधलेली असती तरी हा घाव रेघेपलीकडचाच ठरला असता. माझ्या मते रेघ ओढणे हे पाप नव्हे. रेघ ओढून ती लपवणे हे पाप आहे. ‘ही बोट बुडू शकत नाही’ असे म्हणणारा आणि ‘शुभ बोला’ म्हणणारा खलाशी हे एकाच जातीचे. उलट ‘एवढ्यापर्यंत मी तुला सांभाळीन, त्यापुढे तीन तास देईन’ असे जो आधी सांगतो, त्याच्या शब्दावर मी पोरे घेऊन चढेन.

दुसरी अडचण दारांची. पाणबंद कप्पा पाणबंद राहायचा तर दार बंद करावे लागते. वरच्या खोलीतून कळ दाबून ती दारे लावता येतात. दार लागते तेव्हा अलीकडे कोण, पलीकडे कोण? उतारू वर असतात. पाण्याच्या पातळीखाली असतात ते इंजिनवाले, तेलवाले. पूर्वी कोळसा मारणारे. रत्नागिरीकडच्या गावांतून पिढ्यान्पिढ्या माणसे परदेशी आगबोटींच्या पोटात कामाला गेली. बोट वाचवण्यासाठी जो कप्पा सोडून द्यायचा तो नेहमी त्यांचाच असतो. हजारांसाठी चारांना सोडावे का, असा प्रश्न तत्त्वज्ञ मोठ्या आवडीने घालतात आणि रात्रभर वाद करतात. मला वाटते, त्या प्रश्नाचे चांगले उत्तर एखाद्या आखणी करणाऱ्याने टेबलावर बसून दिले: त्याने त्या कप्प्यातून थेट वरच्या मजल्यावर जाणारी, आगीपासून झाकलेली एक उभी शिडी काढली. दार लागले तरी माणूस वर येतो. चार की हजार हा प्रश्नच त्याने शक्य तेवढा उठू दिला नाही. नीती पुष्कळदा अशी शिडीच्या रूपात असते. आपण ती प्रसंग आल्यावर कप्तानाच्या छातीत शोधतो. कॉन्कॉर्डियाचा कप्तान उतारू बोटीवर असताना निघून गेला आणि त्याला शिक्षा झाली, ते रास्तच झाले. पण शौर्यावर भिस्त ठेवून बांधलेली बोट ही वाईटच बोट.

तिसरी अडचण मला सर्वांत टोचते. हा नियम लांबीने १२० मीटर किंवा त्याहून मोठ्या, अथवा आगीपासून बचावासाठी तीन किंवा अधिक उभे विभाग असलेल्या उतारू बोटींना आहे. म्हणजे ज्यांच्यावर नाचघर आणि पोहण्याचा हौद असतो त्यांना. रेवसच्या माणसाला, घारापुरीच्या लाँचला तो नाही. लहान लाँचमध्ये दोन इंजिनखोल्या बसणार नाहीत हे मीही जाणतो. पण नियमाचा आत्मा इंजिनात नाही, प्रश्नात आहे: आपत्ती आली आहे असे धर, आता सांग. लाँचच्या बाबतीत ‘परत येणे’ म्हणजे दुसरे होडके येईपर्यंत अर्धा तास तरंगत राहणे. तेवढ्यासाठी लागते काय? अंगावर घातलेले जाकीट, परवान्याएवढीच माणसे, कलली तरी उलटणार नाही अशी बैठक, आणि हाक मारायला यंत्र. रामदासच्या वेळी कोळी योगायोगाने आले. नीलकमलच्या वेळीही जवळच्या लाँचा आणि बोटी धावून आल्या म्हणून मेले त्याहून कितीतरी अधिक वाचले. जे दोनदा नशिबाने मिळाले ते तिसऱ्यांदा बंदोबस्ताने मिळावे, एवढेच मागणे आहे.

दैवाचे म्हणाल तर मी दैव मानतो. दुष्काळी तालुक्यातला माणूस ते न मानून करील काय? पण गीतेने कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली, त्यांत दैव पाचवे आहे. आधी अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा. बोटीच्या भाषेत सांगायचे तर आधी सांगाडा, मग तांडेल, मग साधने, मग हालचाल. आपण पहिली चार न मोजताच पाचव्याकडे बोट दाखवतो. एकतीस जाकिटे हे माझे दैव नव्हते. ते कुणीतरी मोजले होते, किंवा मोजले नव्हते.

त्या अपघातानंतर जाकीट घातल्याशिवाय लाँचमध्ये घ्यायचे नाही असा नियम झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आमची सहल पुन्हा तिकडे गेली. शिक्षकांच्या बैठकीत घारापुरी नकोच असे दोघे-तिघे म्हणाले. मी जायचे म्हटले, आणि तिथे पोचल्यावर आधी एकटा जाऊन जाकिटे मोजून आलो. या खेपेला ती पुरेशी होती. मुलांनी ती घातली, एकमेकांचे फोटो काढले. अर्ध्या वाटेवर ऊन तापले, आणि पुढच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी आपले जाकीट काढून त्याची उशी केली. त्यांचे पाहून इतरही काढू लागले. आमच्या सहावीतल्या एका मुलाने गाठ सोडायला हात घातला आणि मला विचारले, “सर, बोट बुडणार हाय का?”

मी म्हणालो, “नाही. पण बुडाली असं धर. आता सांग, तू काय करशील?”

शेजारच्या बाई माझ्याकडे वळल्या. “अहो मास्तर,” त्या म्हणाल्या, “लेकरांसमोर तरी शुभ बोला.”

मुलगा मात्र विचार करू लागला होता. त्याने गाठ तशीच ठेवली, मागे वळून दाराकडे पाहिले, आणि आपल्यापासून दारापर्यंत किती माणसे बसली आहेत ती मोजायला लागला.